श्रमिकांच्या अंगणातली बालवाडी

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसोबत रोज काम करणाऱ्या ताया आणि त्या मुलांचे आईवडील यांच्यासाठी ही पुस्तिका आहे. बुटीबोरी आणि भोवतालच्या वस्त्यांमधल्या बालवाड्या-अंगणवाड्या डोळ्यांसमोर ठेवून ती तयार झाली आहे. पुढच्या पानांत गाणी आहेत, गोष्टी आहेत, खेळ आहेत, घरातल्या आणि रानातल्या वस्तूंपासून करायची साधनं आहेत. ते हाती घेण्याआधी हे वय आणि या वयाची शाळा यांबद्दल काही गोष्टी मनाशी पक्क्या असाव्यात, म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबवली आहे.

बालवाडीबद्दल आपल्याकडे दोन समज घट्ट बसले आहेत. चांगली बालवाडी म्हणजे शहरातली, पैसेवाल्यांची, बूट-टाय घातलेल्या मुलांची केजी, हा पहिला. गरिबाच्या लेकराला अंगणवाडीत खिचडी मिळाली की पुरे, हा दुसरा. दोन्ही चुकीचे आहेत आणि दोहोंनी मुलांचं नुकसान केलं आहे. बालवाडीचा इतिहास पाहिला तर ती श्रीमंतांच्या बंगल्यात जन्मलेली दिसत नाही. ती गिरणीच्या आवारात, मजुरांच्या चाळीत, आदिवासी पाड्यावर वाढली. म्हणून कारखान्यांच्या गावाचा तिच्यावर पहिला हक्क आहे, असं मी मानतो.

स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीकाठी न्यू लॅनार्क नावाची सूतगिरण्यांची वसाहत होती. तिचा कारभार पाहणाऱ्या रॉबर्ट ओवेननं १ जानेवारी १८१६ रोजी कामगारांच्या मुलांसाठी शाळा उघडली. चालता येऊ लागलेली मुलंही तिथं येत. मुलांना मारायचं नाही, दरडावायचं नाही, पुस्तकांचा जाच करायचा नाही, असं त्यानं शिकवणाऱ्यांना बजावलं होतं. गाणं, नाच, मोकळ्यावर खेळणं आणि आसपासच्या वस्तूंबद्दल गप्पा हाच तिथला अभ्यास. विशेष म्हणजे शिकवायला त्यानं पंडित आणले नाहीत. जेम्स बुकॅनन हा विणकर आणि मॉली यंग ही गिरणीतली सतरा वर्षांची मुलगी, या दोघांवर त्यानं बालवर्ग सोपवला. मुलांवर जीव असणं आणि अंगी धीर असणं, एवढंच त्यानं पाहिलं.

पुढे जर्मनीत फ्रिडरिक फ्रोबेलनं याच वयाच्या मुलांच्या खेळाचं शास्त्र मांडलं आणि १८४० मध्ये त्याला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. लाकडी ठोकळे, लोकरीचे चेंडू, बागकाम, गोल करून म्हणायची गाणी यांतून मूल स्वतः शिकतं, असं त्याचं म्हणणं होतं. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारनं किंडरगार्टनवर बंदी घातली. दुसऱ्याच वर्षी फ्रोबेल वारला आणि १८६० साली बंदी उठली ती त्याला पाहता आली नाही. मुलांना मोकळं वाढू देणं हे सत्तेला धोक्याचं वाटू शकतं, याची ही साक्ष आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया मॉन्टेसरी या डॉक्टरबाईंनी आपलं पहिलं बालगृह सुरू केलं, तेही रोममधल्या सान लोरेन्झो या कामगारवस्तीत. आईबाप कामावर गेले की मुलं जिन्यांत हुंदडत, भिंती खराब करत. म्हणून घरमालक कंपनीनं त्यांना सांभाळण्यापुरती एक खोली दिली होती. त्या खोलीत मॉन्टेसरींनी जे पाहिलं, त्यानं जगाचा बालशिक्षणाचा विचार बदलला.

आपल्या मराठी मुलखाची कहाणी याहून जवळची आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं. तिथं त्यांच्यासोबत काम करायला आल्या त्या ताराबाई मोडक. त्यांचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. लग्नानंतर काही वर्षं त्यांनी आपल्या विदर्भातल्या अमरावतीत काढली. १९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाई यांच्या पुढाकारानं नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढलं आणि ते नावारूपाला आणलं. इथं थांबल्या असत्या तरी त्यांचं नाव राहिलं असतं. पण शहरातल्या मध्यमवर्गापुरतं हे शिक्षण राहिलं तर देशातल्या बहुतेक मुलांना त्याचा वाराही लागणार नाही, हे त्यांना डाचत होतं. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि तिथं ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालविधवा असलेल्या, शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई पुढे १९९२ मध्ये वारल्या, तोपर्यंत त्यांनी हे काम सोडलं नाही.

बोर्डीला त्यांना पहिला धडा मिळाला तो असा: बालवाडी उघडली म्हणून गरिबांची मुलं आपण होऊन येत नाहीत. मग ताराबाई आणि अनुताई यांनी बालवाडीच वस्तीत नेली. कुणाच्या तरी घरापुढची जागा झाडून घ्यायची, मुलं गोळा करायची, त्यांना न्हाऊ-माखू घालायचं आणि तिथंच गाणी-गोष्टी सुरू करायच्या. अंगणात भरणारी ही बालवाडी म्हणजे अंगणवाडी. सरकारनं पुढे आपल्या योजनेसाठी हेच नाव उचललं. १९५७ मध्ये दोघी कोसबादच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेल्या, तेव्हा आणखी अडचणी समोर आल्या. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बसते म्हणून शाळेत येत नाही, असं दिसलं. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून त्यांनी विकासवाडी उभारली. मुलं गुरं राखायला जातात असं दिसलं, तेव्हा शाळा कुरणात गेली आणि कुरणशाळा झाली. महागडी विदेशी साधनं परवडणार नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या आणि माती हीच साधनं झाली.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. या सन्मानांपेक्षाही त्यांची पद्धत आपण लक्षात ठेवावी असं मला वाटतं. मूल येत नसेल तर त्यांनी मुलाला वा आईबापाला दोष दिला नाही. का येत नाही ते शोधलं आणि शाळेची जागा, वेळ, साधनं बदलली.

आपल्या अगदी शेजारीही असाच विचार झाला आहे. बुटीबोरीहून वर्ध्याकडे निघालं की तासाभरात सेवाग्राम येतं. गांधीजींची नयी तालीम आधी सात वर्षांपुढच्या मुलांसाठी मांडली गेली होती. १९४५ च्या सेवाग्रामच्या परिषदेत तिचा विस्तार झाला आणि सात वर्षांखालच्या मुलांचं शिक्षण, म्हणजे पूर्वबुनियादी, तिचा पहिला टप्पा ठरलं. शांताबाई नारुलकरांनी सेवाग्रामात हे काम प्रत्यक्ष करून पाहिलं. स्वच्छता, आरोग्य, आपली कामं आपण करणं, घरातल्या आणि शेतातल्या कामांचं खेळातून अनुकरण, आणि मुलासोबत त्याच्या आईचंही शिक्षण, असं त्याचं रूप होतं.

या सगळ्या पूर्वपुण्याईवर २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणी, आयांना आहार-आरोग्याचं शिक्षण आणि मुलांचं शालापूर्व शिक्षण, अशा सहा सेवा तिच्यावर सोपवल्या आहेत. पहिल्या पाचांबद्दल सरकार, गावकरी, तपासनीस सगळे विचारतात. सहावीबद्दल क्वचितच कुणी विचारतं. वजन किती वाढलं याची नोंद होते. मूल आज काय बोललं याची होत नाही. ही पुस्तिका त्या सहाव्या सेवेसाठी आहे.

आता बुटीबोरीकडे येऊ. कापूस, तूर, संत्रा यांच्या मुलखातलं, नागपूर–वर्धा रस्त्यावरचं हे गाव. इथं महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या औद्योगिक वसाहतींपैकी एक उभी राहिली आणि सूत, कापड, टायर, पोलाद अशा नाना कारखान्यांमुळे गावाचं रूप पालटलं. विदर्भाच्या खेड्यांतून माणसं आली, तशीच मध्य प्रदेश, छत्तीसगड, उत्तर प्रदेश, बिहारमधूनही आली. ठेकेदाराकडे काम, भाड्याची एक खोली, शेजारी दुसऱ्या मुलखातलं कुटुंब. गावी राहिलेली आजी इथं नाही, मामा-मावशी नाहीत, चुलतभावंडांनी भरलेलं घर नाही. वडील रात्रपाळी करून दिवसा झोपलेले, म्हणून लेकराला गप्प बसवायचं. आई कामावर जाणारी असेल तर लेकरू शेजारणीच्या भरवशावर, नाहीतर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. हातात मोबाइल दिला की ते शांत बसतं, म्हणून मोबाइल.

गावच्या घरात मुलाला जे आपोआप मिळत होतं, ते इथं कुणीतरी मुद्दाम द्यावं लागतं. आजीची गोष्ट, अंगणातला खेळ, दहा माणसांचं बोलणं कानावर पडणं, रुसणं आणि समजूत निघणं, यांतून मूल घडत होतं. एका खोलीच्या संसारात हे सगळं द्यायला आईबापांकडे माया भरपूर आहे, पण जागा नाही आणि वेळ नाही. ही उणीव बालवाडी भरून काढू शकते. म्हणून बुटीबोरीत ती रस्ता, पाणी, वीज यांच्याच रांगेतली गरज आहे.

बालवाडीत मूल शिकतं काय, असं पालक विचारतात आणि वहीत काही दिसलं नाही की नाराज होतात. त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. चिंचोके मोजताना आणि लहान-मोठे दगड क्रमानं लावताना ते गणित शिकतं. ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगताना ते भाषा शिकतं. आधी काय घडलं, मग काय, कशामुळे, हे जुळवू लागतं. काळ्या मातीचा बैल करताना, पळसाच्या पानांना काडी टोचताना, सरकी निवडताना त्याची बोटं आणि मनगट तयार होतं. आपली पाळी येईपर्यंत थांबणं, दुसऱ्याचं खेळणं परत देणं, पडलेल्याला हात देणं, हे ते इतर मुलांत राहूनच शिकतं. पुढच्या साऱ्या शिक्षणाचा पाया हाच आहे. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, असं २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात म्हटलं आहे आणि म्हणूनच तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानून तिथं खेळातून शिकण्यावर भर दिला आहे.

याउलट साडेतीन वर्षांच्या मुलाला पाटीवर ‘अ’ शंभरदा गिरवायला लावणं आणि न जमल्यास रागावणं हे शिक्षण नव्हे. त्या वयात हाताची पकड आणि नजर यांचा मेळ बसत असतो. घाई केली तर अक्षर लवकर येत नाही. शाळेची भीती मात्र लवकर येते. पुष्कळ पालक पोटाला चिमटा काढून लेकराला इंग्रजी पाटीच्या केजीत घालतात. त्यांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की, फी भरण्याआधी तासभर वर्गात बसून पाहा. मुलं बोलतात का, हसतात का, हातांनी काही करतात का, बाईंजवळ जायला घाबरत तर नाहीत ना. बालवाडी चांगली की वाईट ते यावरून कळतं.

लहानपणीच्या या शिक्षणाचा परिणाम किती दूरवर जातो, याचा अमेरिकेतला एक दाखला प्रसिद्ध आहे. मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावात १९६२ पासून गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या १२३ मुलांचा अभ्यास झाला. त्यांतल्या काहींना चांगली बालशाळा मिळाली, काहींना नाही. तीही चार भिंतींपुरती नव्हती; शिक्षिका दर आठवड्याला मुलाच्या घरी जात. वयाच्या चाळिशीपर्यंत या सगळ्यांची माहिती ठेवली गेली. बालशाळा मिळालेल्यांपैकी अधिक जणांनी शाळा पूर्ण केली, त्यांची कमाई अधिक होती आणि पोलिसांच्या तावडीत ते कमी सापडले. हे एका गावातल्या थोड्या मुलांचं चित्र आहे, हे ध्यानात ठेवूनही त्यातली दिशा स्पष्ट आहे. गृहभेटी ही त्या कामाची अर्धी बाजू होती, हेही आपल्या तायांनी पाहावं.

भाषेचा प्रश्न बुटीबोरीत रोजचा आहे. एकाच सतरंजीवर नागपुरी मराठी बोलणारं मूल असतं, त्याच्या शेजारी भोजपुरी बोलणारं, पलीकडे छत्तीसगढी. परक्या भाषेत गप्प बसलेल्या मुलाला ‘मठ्ठ’ म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला आधी त्याच्या बोलीत बोलू द्यावं. ताईनं त्याच्या घरचे दहा-वीस शब्द शिकून घ्यावेत. त्याच्या आईला बोलावून तिच्याकडचं अंगाईगीत वर्गात म्हणायला लावावं. गाण्यांतून आणि खेळांतून मराठी त्याच्या कानावर पडत राहिली की काही महिन्यांत ते दोन्हीकडे सहज वावरू लागतं. आणि नागपुरी मराठी बोलणाऱ्या आपल्या मुलाचीही पुस्तकी भाषेसाठी खोड काढू नये. त्याची बोली हीच त्याची मराठी आहे.

अभ्यासक्रम बाहेरून आणण्याची गरज नाही, कारण आपल्या मुलखाचं वर्ष मुलांच्या सणांनी भरलेलं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरकडे तान्हा पोळा भरतो. मुलं सजवलेले लाकडी नंदी घेऊन घरोघरी जातात, बोजारा मिळवतात. त्या एका सणात रंग आहेत, बैलाचे अवयव आहेत, शेती आहे, पैशांची मोजणी आहे आणि अनोळखी दारात उभं राहून बोलण्याचं धाडस आहे. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई असते. तिची गाणी म्हणजे नातेवाईक, भाज्या, दागिने, घरकाम यांचा शब्दसाठा. शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा असतो, तेव्हा गोड की तिखट, कोरडा की ओला असे प्रश्न विचारत मुली नकळत तर्क करतात. परप्रांतातून आलेल्या घरांमधली छठ आणि त्यांची गाणीही या वर्षात सामावून घ्यावीत. मुलांना ती आवडतील आणि शेजारी शेजाऱ्याला ओळखेल.

या सगळ्याचा कणा म्हणजे ताई आणि तिची मदतनीस. दोघी मिळून सहा सेवा सांभाळतात. शिवाय सर्वेक्षणं, मोबाइलवरच्या नोंदी, बैठका यांत त्यांचा दिवस जातो. आणि या कामाला वेतन नव्हे, मानधन म्हणतात. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी कर्मचाऱ्यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क मान्य केला, ही न्यायाची एक पायरी झाली. ज्या माणसाच्या हाती आपण सर्वांत कोवळं वय सोपवतो, त्याला सर्वांत कमी मान आणि सर्वांत कमी दाम देतो, हे समाज म्हणून आपल्याला शोभत नाही. ताईला दिवसातले दोन-अडीच तास निव्वळ मुलांसाठी मोकळे मिळाले पाहिजेत आणि वेळोवेळी चांगलं प्रशिक्षण मिळालं पाहिजे. यातलं काहीच न देता तिच्याकडून चांगल्या बालवाडीची अपेक्षा करणं अन्याय्य आहे.

कायद्यात काय आहे तेही पालकांना ठाऊक असावं. शिक्षणाचा मूलभूत हक्क सहाव्या वर्षापासून सुरू होतो. सहा वर्षांखालच्या मुलांचं संगोपन आणि शिक्षण २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनंतर कलम ४५ मध्ये आहे, पण ते मार्गदर्शक तत्त्व म्हणून. म्हणजे राज्यानं त्यासाठी प्रयत्न करावेत, एवढंच. तरी हाती काही आहे. सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असलेल्या पण अंगणवाडी नसलेल्या वस्तीला ती मागण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानं दिला. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीनं ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा दिली. नव्या वस्त्या रोज वाढणाऱ्या गावात या दोन्ही गोष्टींचा उपयोग करून घ्यायला हवा.

पुस्तिकेचा वापर कसा करावा, याबद्दल थोडं. ती पाठ करू नये. महिन्याचा एखादा विषय घ्यावा, त्यातलं आपल्या मुलांना जमेल ते करावं, नाही ते सोडावं, आपल्याकडचं नवं घालावं. इथली साधनं काड्या, बिया, कापड, माती, जुनी वर्तमानपत्रं यांचीच आहेत. बाजारातून आणावं लागेल असं फार थोडं आहे. विदर्भाचा उन्हाळा ध्यानात घेऊन सावलीतले आणि पाण्याचे खेळ वेगळे दिले आहेत. प्रत्येक विषयाच्या शेवटी घरी करायच्या दोन-तीन गोष्टी आहेत. त्या पालकसभेत वाचून दाखवाव्यात, कारण ज्या आईला वाचता येत नाही तिलाही आपल्या लेकरासोबत हे सगळं करता येतं.

शेवटी तिघांना विनंती. आईबापांनो, रोज पंधरा मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून लेकराशी बोला आणि आठवड्यातून एकदा तरी त्याच्या बालवाडीत डोकावा. कारखानदारांनो, तुमच्या यंत्रांवर उभ्या राहणाऱ्या माणसांची मुलं फाटकाबाहेरच्या वस्तीत आहेत. सामाजिक दायित्वाचा निधी खर्च करताना भिंती रंगवण्याआधी पाळणाघर, सावली, पिण्याचं पाणी आणि तायांचं प्रशिक्षण यांचा विचार करा. आणि नगर परिषद, ग्रामपंचायती यांनी नव्या वस्तीचा आराखडा करताना रस्ता आणि नाली यांच्यासोबत अंगणवाडीची जागा आधीच राखून ठेवावी. आज तीन वर्षांचं असलेलं मूल पुढच्या तीन वर्षांत पहिलीच्या वर्गात बसेल. जे करायचं ते याच तीन वर्षांत करायचं आहे.